फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन भलत्याच टास्कवर निघतं, पुसलं तरी परत येतं : कॉर्टेक्स एम४ आणि पीसीवर काय बघायचं

लक्षणं आधी सांगतो, तुमचं जुळत असेल तर पुढं वाचा. कॉर्टेक्स एम४चा एफपीयूवाला, म्हणजे फ्लोटचं (अपूर्णांकाचं) गणित हार्डवेअरमध्ये करणारा कंट्रोलर आहे, त्यावर फ्रीआरटीओएस किंवा तसलाच कुठला छोटा आरटीओएस, म्हणजे आळीपाळीनं कामं चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, चार-पाच टास्क, त्यातले एक-दोन फ्लोटमध्ये हिशोब करणारे. एफपीयूचा इंटरप्ट मुद्दाम चालू केलाय, कारण शून्यानं भागाकार झाला तर आपल्याला कळायला पाहिजे. आणि मग कधीतरी, रोज नाही, टेबलावर तर कधीच नाही, बोर्ड गप्प होतो. डिस्प्ले गोठतो, बटणं दाबली तर काही नाही, पण टायमरच्या इंटरप्टवर चालणारी एलईडी मात्र व्यवस्थित लुकलुकत असते. डीबगर लावून थांबवलं की दर वेळी एफपीयूच्या हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्येच सापडतो. बरं, स्टॅकवरचा पत्ता बघावा तर तो निघतो कीपॅडच्या नाहीतर मॉडबसच्या (मशीनमधल्या संवादाच्या) टास्कचा, ज्याच्यात फ्लोटचा एक आकडा नाही. मग माणूस मॉडबसचा कोड ओळ न् ओळ वाचत बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आमचं काम वाळूजला, वजनाचे, पॅकिंगचे, चाळणीचे कंट्रोलर बनवायचं. माल जातो लातूरच्या दालमिलींना, जालन्याच्या रोलिंग मिलांना, वसमतच्या हळदवाल्यांना. चिकलठाण्यापासून नांदेडपर्यंत याच धंद्यातल्या पोरांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, कुणी म्हणतं हँडलर अडकतो, कुणी म्हणतं आरटीओएस खराब आहे, कुणी चिपच बदलायला निघालेलं असतं. चिप चांगली आहे, आरटीओएसही चांगला आहे. टास्क बदलताना एक्सेप्शनचा फ्लॅग नेमका कुठं जातो, एवढंच नीट समजलं की सगळं सुटतं, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

फ्लॅग चिकट असतो

फ्लोटिंग पॉइंटचं आयईईई ७५४ स्टँडर्ड १९८५ सालचं. त्यात पाच एक्सेप्शन आहेत: इनव्हॅलिड म्हणजे शून्य भागिले शून्य किंवा ऋण आकड्याचं वर्गमूळ असली प्रकरणं, शून्यानं भागाकार, ओव्हरफ्लो, अंडरफ्लो आणि इनएक्झॅक्ट. स्टँडर्डप्रमाणं यातलं काही झालं तरी आपणहून प्रोग्राम थांबत नाही, ठरलेलं उत्तर मिळतं, अनंत किंवा नॅन (धड आकडाच नाही अशी किंमत) वगैरे, आणि एक फ्लॅग वर जातो. हा फ्लॅग चिकट, एकदा वर गेला की कुणीतरी मुद्दाम खाली पाडेपर्यंत वरच राहणार, नंतरची शंभर गणितं बरोबर आली तरी.

कॉर्टेक्स एम४ मध्ये हे फ्लॅग एफपीएससीआर नावाच्या रजिस्टरमध्ये असतात, बिट शून्य ते चार, आणि सातवा बिट इनपुट डीनॉर्मलचा. सगळे मिळून मास्क होतो हेक्स ९एफ. लक्षात ठेवायचं ते हे, की या कोअरला फ्लोटिंग पॉइंटचा खरा ट्रॅप नाहीच. पीसीसारखं नेमक्या त्या सूचनेवर थांबणं इथं होत नाही. फ्लॅग वर गेला की कोअरमधून एक वायर बाहेर निघते आणि चिप बनवणाऱ्यानं ती इंटरप्ट कंट्रोलरला जोडली असेल तर इंटरप्ट येतो. एसटीएम३२एफ४०७ मध्ये तो ८१ नंबरचा. इनएक्झॅक्टचा फ्लॅग मात्र तिथं इंटरप्टला जोडलेला नाही आणि ते बरंच आहे, कारण एकला तीननं भागलं तरी तो वर जातो, इंटरप्टनं जीवच घेतला असता.

म्हणजे फ्लॅग वर असेपर्यंत वायर वर, आणि वायर वर असेपर्यंत इंटरप्ट पुन्हा पुन्हा. हँडलरमध्ये शिरून नुसतं बाहेर पडलात तर लगेच परत आत. बाकीचे टास्क उपाशी, वरच्या प्रायॉरिटीचा टायमर तेवढा चालू. म्हणून ती एलईडी लुकलुकते.

पुसता ते भलतंच

मग सगळे काय करतात, हँडलरमध्ये एफपीएससीआर वाचायचं, फ्लॅगचे बिट शून्य करायचे, परत लिहायचं. दिसायला एकदम बरोबर. आणि तरीही इंटरप्ट थांबत नाही. इथंच लई जणांचे दिवस जातात.

कारण असं. टास्क फ्लोट वापरत असताना इंटरप्ट आला की हार्डवेअर त्या टास्कच्या स्टॅकवर मोठी फ्रेम ठेवतं. साधी फ्रेम ८ शब्दांची, म्हणजे ३२ बाइट, एफपीयूवाली २६ शब्दांची, १०४ बाइट. त्या जास्तीच्या जागेत एस० ते एस१५ आणि एफपीएससीआर यांची सोय असते. पण वेळ वाचावा म्हणून हार्डवेअर लगेच काही लिहीत नाही, नुसती जागा राखून ठेवतं, याला लेझी स्टॅकिंग म्हणतात आणि रीसेटनंतर ते चालूच असतं. हँडलरनं पहिली फ्लोटिंग पॉइंटची सूचना चालवली की मग ते खरोखर स्टॅकवर उतरतं. आणि एफपीएससीआर वाचणं हीसुद्धा फ्लोटिंग पॉइंटची सूचनाच आहे!

म्हणजे तुम्ही वाचायला गेलात त्याच क्षणी टास्कचे फ्लॅग स्टॅकवर गेले, तुमच्या हातात उरलं ते हँडलरचं स्वतःचं नवीन एफपीएससीआर. तुम्ही ते पुसलं. बाहेर पडताना हार्डवेअरनं स्टॅकवरचं जुनं परत रजिस्टरमध्ये भरलं, फ्लॅगसकट. मोंढ्यात आडत्यानं कच्च्या चिठ्ठीवरची उधारी खोडावी आणि खातेवहीत ती तशीच राहावी, तसला प्रकार. पुसायचं ते स्टॅकवरचं.

आता नीट रीत सांगतो. हँडलरच्या तोंडाशी दोन-चार ओळींचं असेंब्ली ठेवा, सीमध्ये शिरायच्या आधी लिंक रजिस्टरमधला परतीचा कोड पकडायचा. त्याच्या बिट २ वरून कळतं की फ्रेम मेन स्टॅकवर आहे की प्रोसेस स्टॅकवर, आरटीओएसचे टास्क प्रोसेस स्टॅकवर असतात. तो पॉइंटर आणि परतीचा कोड दोन्ही सी फंक्शनला द्या. सीमध्ये सगळ्यात आधी बिट ४ बघा. तो शून्य असेल तरच फ्रेम मोठी आहे, तरच पुढं जायचं. मग एफपीएससीआर एकदा नुसतं वाचा, किंमत टाकून द्या, हे वाचन फक्त लेझी स्टॅकिंग पूर्ण करायला. मग फ्रेमच्या सुरवातीपासून हेक्स ६० अंतरावर टास्कचं एफपीएससीआर सापडेल, ते आधी लॉगमध्ये नोंदवा, मग त्यातले ९एफचे बिट शून्य करून परत लिहा. शेवटी रजिस्टरमधलं पण साफ करा, त्यानं बिघडत काही नाही.

काही ठिकाणी फ्रेम पॉइंटरऐवजी एफपीसीएआर नावाचं रजिस्टर वापरतात, त्यात राखीव जागेचा पत्ता असतो आणि तिथून हेक्स ४० वर एफपीएससीआर. हिशोब तोच, पहिले ३२ बाइट वजा जाता. छोटं पडतं म्हणून लोकांना आवडतं. पण बिट ४ न बघता ते वापरलं आणि ज्याच्यात इंटरप्ट आला तो टास्क फ्लोट वापरतच नसला, तर एफपीसीएआरमध्ये आधीच्याच कुणाचा तरी शिळा पत्ता असतो. तुम्ही फ्लॅग पुसायला जाता आणि दुसऱ्या टास्कच्या स्टॅकमधले सहा बिट उडवता. ते नंतर कुठं आणि कसं बाहेर येईल याचा नेम नाही. म्हणून मी तरी फ्रेम पॉइंटरवालाच मार्ग घ्या म्हणतो, दोन ओळी जास्त गेल्या तर जाऊ द्या.

संन्याशाला फाशी का होते

आता मॉडबसच्या टास्कवर आळ का येतो ते. टास्क बदलायचं काम पेंडएसव्ही नावाचा कोअरचा स्वतःचा इंटरप्ट करतो आणि त्याची प्रायॉरिटी सगळ्यात खाली ठेवलेली असते. बऱ्याच जणांनी एफपीयूचा इंटरप्टसुद्धा, काय घाई आहे म्हणून, सगळ्यात खालीच ठेवलेला असतो. दोघांची प्रायॉरिटी सारखी झाली आणि दोघं एकदम वाट बघत असले तर ज्याचा एक्सेप्शन नंबर लहान तो आधी. पेंडएसव्ही १४, एफपीयू १६ अधिक ८१ म्हणजे ९७. पेंडएसव्ही जिंकला.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. वजनाच्या टास्कनं क्रिटिकल सेक्शनमध्ये, म्हणजे इंटरप्ट तात्पुरते अडवलेले असताना, किंवा टिकच्या (आरटीओएसच्या ठरावीक टायमर इंटरप्टच्या) अगदी तोंडावर भागाकार केला, फ्लॅग वर, इंटरप्ट पेंडिंग. तेवढ्यात पेंडएसव्ही घुसला, त्यानं वजनाच्या टास्कची रजिस्टरं स्टॅकवर टाकली, फ्लॅग पण तिकडंच गेले, आणि मॉडबसचा टास्क आणून उभा केला. पण इंटरप्ट कंट्रोलरमध्ये पेंडिंगचा बिट लॅच झालेला, वायर खाली गेली तरी तो तसाच. आता एफपीयूचा हँडलर सुरू झाला आणि त्याला स्टॅकवर दिसतो मॉडबसचा पत्ता. खरा गुन्हेगार कधीच बाजूला झालेला. वर आणि मौज अशी, की वजनाचा टास्क परत आला की त्याचे जुने फ्लॅग रजिस्टरमध्ये परत येतात आणि इंटरप्ट पुन्हा, या वेळी पत्ता त्याच टास्कचा, पण भागाकाराच्या ओळीचा नाही, तो जिथं थांबला होता तिथला.

उपाय एका ओळीचा आहे, एफपीयूच्या इंटरप्टची प्रायॉरिटी पेंडएसव्हीच्या वर न्या. मग क्रिटिकल सेक्शननं थोडा वेळ अडवलं तरी सेक्शन सुटल्यावर टास्क बदलायच्या आधी एफपीयूचाच नंबर लागतो. आरटीओएसचं फंक्शन हँडलरमधून बोलवायचं असेल तर ज्या मर्यादेच्या आत ते चालतं त्या मर्यादेत प्रायॉरिटी ठेवा, नाहीतर त्याहून वर नेऊन फक्त रॅममध्ये नोंद करा, चालू टास्कचा पॉइंटर, फ्लॅग आणि पीसी (इथं प्रोग्राम काउंटर, म्हणजे चालू सूचनेचा पत्ता), आणि एखाद्या निवांत टास्कला ती नंतर वाचू द्या. पीसी फ्रेममध्ये हेक्स १८ वर असतो. तो नेमका गुन्ह्याच्या ओळीचा असेल असं धरू नका, भागाकाराची सूचना १४ सायकल घेते आणि हा इंटरप्ट मागून येणारा, त्यामुळं पत्ता दोन-चार सूचना पुढचा निघतो. त्याच्या मागं बघा.

अजून एक, आणि हे फार कामाचं आहे. हँडलरमध्ये आलात, फ्रेम मोठी आहे, पण स्टॅकवरच्या एफपीएससीआरमध्ये इनएक्झॅक्ट सोडला तर एकही फ्लॅग नाही, असं दिसलं तर टास्कांना सोडा आणि आधी इंटरप्ट हँडलर तपासा. एडीसीच्या किंवा टायमरच्या हँडलरमध्ये कुणीतरी फ्लोटचं गणित ठेवलेलं असतं, त्याचे फ्लॅग त्याच्याबरोबर गेले, पेंडिंग तेवढं मागं राहिलं.

फ्लॅग पुसला, नॅन आतच राहिला

वरचं सगळं केलं की बोर्ड गोठायचा थांबतो. पण काही ठिकाणी इंटरप्टची नोंद थांबतच नाही, मिनिटाला शेकडो. लातूर एमआयडीसीतल्या एका दालमिलमधलं उदाहरण देतो. तिथं कंट्रोलर चुरीचं प्रमाण काढतो, चुरीचं वजन भागिले एकूण वजन, आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की दिवा लावतो. ऑपरेटर मामांचा फोन, "साहेब, आकडा जाऊन नुसत्या रेघा दिसायल्यात, अन् चुरी लई निघायली तरी दिवा लागंना, बंद करून चालू केलं की नीट चालायलंय." ह्या एका वाक्यात सगळं निदान आहे. म्हणून म्हणतो ऑपरेटर काय सांगतो ते जसंच्या तसं लिहून घ्यावं.

जेवणाच्या सुट्टीत हॉपर रिकामा होतो. चुरी शून्य, एकूणही शून्य, शून्य भागिले शून्य म्हणजे नॅन, इनव्हॅलिड फ्लॅग वर. पुढं हा आकडा फिल्टरमध्ये जातो, जुन्याचे नऊ भाग आणि नव्याचा एक भाग असा साधाच फिल्टर. नॅनमध्ये काहीही मिळवा, कशानंही गुणा, नॅनच राहतो, म्हणजे एकदा शिरलेला नॅन त्या फिल्टरमधून वीज गेल्याशिवाय निघत नाही. दिवा का लागत नाही? कारण नॅनची कुठल्याही आकड्याशी मोठा-लहानची तुलना खोटीच येते. आणि इंटरप्ट का थांबत नाही? नॅनची बेरीज-गुणाकार निमूट होतात, फ्लॅग लागत नाही, पण सीमधलं मोठं-लहानचं चिन्ह कंपायलर ज्या तुलनेच्या सूचनेत बदलतो ती नॅन दिसला की दर वेळी इनव्हॅलिडचा फ्लॅग वर करते. म्हणजे दिवा लावायच्या त्या एका ओळीवर, लूपच्या प्रत्येक फेरीत, नवं एक्सेप्शन. हँडलरमध्ये कितीही पुसा, पालथ्या घड्यावर पाणी.

इथं इलाज हँडलरमध्ये नाही. भागाकाराच्या आधी एकूण वजन किमान मर्यादेच्या खाली आहे का बघा, असेल तर मागचंच प्रमाण ठेवा किंवा हॉपर रिकामा असं सरळ दाखवा. आणि फिल्टरच्या तोंडाशी आकडा धड आहे का ही तपासणी ठेवा, नसेल तर आत घेऊच नका. एफपीयूचा इंटरप्ट हा फक्त सांगणारा, दुरुस्त करणारा नाही.

इथंच एक खुलासा, कारण यावरून भांडणं बघितलीत. एम४चा एफपीयू फक्त सिंगल प्रिसिजनचा. कोडमध्ये १.० असं लिहिलं आणि मागं एफ लावला नाही तर ते डबल, त्याचं गणित लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये करते, आणि तिथं शून्यानं भागलं तरी एफपीएससीआरला काही कळत नाही. म्हणजे एकाच फाइलमधल्या दोन भागाकारांपैकी एकाला इंटरप्ट येतो, दुसऱ्याला नाही. आणि पूर्णांकाचा शून्यानं भागाकार हा तर तिसराच विषय, या कोअरवर त्याचं उत्तर गुपचूप शून्य येतं, सीसीआर रजिस्टरमधला डिव्हाइड बाय झिरोचा बिट लावला तरच युसेज फॉल्ट.

स्विचच चुकत असेल तर

आरटीओएस तयार घेतला असेल तर हा भाग सोडून द्या. पण कुणी स्वतः शेड्युलर लिहिला असेल, कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उचलला असेल, किंवा एम३चं, म्हणजे एफपीयू नसलेल्या कोअरचं, पोर्ट एम४वर तसंच चालवलं असेल, तर आधी इथंच बघा. हार्डवेअर फक्त एस० ते एस१५ सांभाळतं. एस१६ ते एस३१ पेंडएसव्हीमध्ये तुम्हालाच ठेवायचे असतात, परतीच्या कोडचा बिट ४ शून्य असेल तेव्हा, आणि तो परतीचा कोडसुद्धा प्रत्येक टास्कचा वेगळा जपायचा असतो. हे राहिलं की एका टास्कचा आकडा दुसऱ्याच्या गणितात शिरतो, तिथं ओव्हरफ्लो नाहीतर इनव्हॅलिड उठतो, आणि तुम्ही ज्या गणितात चूक शोधताय ते गणित बरोबरच असतं. ओळखायचं कसं, तर दोन टास्क असे लिहा जे सगळ्या ३२ रजिस्टरांत आपापले ठरलेले आकडे भरतात आणि पुन्हा पुन्हा तपासतात. फ्रीआरटीओएसच्या डेमोमध्ये असले रजिस्टर टेस्टवाले टास्क असतातच. रात्रभर चालू ठेवा.

स्टॅकचा हिशोबही करा. फ्लोट वापरणाऱ्या टास्कला प्रत्येक स्विचला जास्तीचे १८ शब्द फ्रेममध्ये आणि १६ शब्द एस१६ ते एस३१ चे, मिळून १३६ बाइट जास्त लागतात. आधी फ्लोट नव्हता आणि मग कुणीतरी मॉडबसच्या टास्कमध्ये तापमानाचं एक रूपांतर टाकलं, एवढ्यानं काठावरचा स्टॅक वाहतो.

आणि मुख्य फंक्शनमध्ये शेड्युलर सुरू करायच्या आधी राउंडिंग किंवा फ्लश टू झिरोचा मोड एफपीएससीआरमध्ये लावला म्हणजे सगळ्या टास्कांना लागला असं नाही. नवीन टास्क पहिल्यांदा फ्लोटला हात लावतो तेव्हा त्याचा मोड येतो एफपीडीएससीआरमधून. तिथं लावा.

बॅटरीवरच्या बोर्डांसाठी एक वेगळीच डोकेदुखी आहे, शेतात लावलेले ओलाव्याचे नोड वगैरे. तिथं इंटरप्ट चालू नसला तरी वर राहिलेला फ्लॅग चिपला झोपू देत नाही. नॉर्डिकच्या एनआरएफ५२८३२ च्या इराटामध्ये, म्हणजे चिपमधल्या चुकांच्या यादीत, ८७ नंबरला हे लिहिलेलंच आहे. झोपायच्या आधी फ्लॅग साफ, मग इंटरप्ट कंट्रोलरमधलं पेंडिंग साफ, याच क्रमानं. उलटं केलं तर पेंडिंग परत लागतं.

दुरुस्ती झाली का हे बघायला गोठायची वाट बघत बसू नका. सिरियलवरून एखादा गुप्त कमांड ठेवा, जो मुद्दाम शून्य भागिले शून्य करवतो, वजनाच्याच टास्कमध्ये एकदा क्रिटिकल सेक्शनच्या आत, एकदा बाहेर, आणि मग एकदा टायमरच्या हँडलरमध्ये. शून्य व्होलाटाइल व्हेरिएबलमधून घ्या, नाहीतर कंपायलर भागाकार आधीच उरकून टाकतो आणि तुम्ही टेस्ट पास झाली म्हणून खूश. तिन्ही वेळी एकच नोंद पडली पाहिजे, पहिल्या दोन वेळी नाव बरोबर टास्कचं पाहिजे, तिसऱ्या वेळी स्टॅकवरचे फ्लॅग (इनएक्झॅक्ट सोडून) कोरे दिसले पाहिजेत.

पीसीवर तोच रोग, नाव वेगळं

वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, रिपोर्ट बनवणारं सर्व्हर, असलं काही लिनक्सवर असेल तर तिथं एक्सेप्शन सिगएफपीई सिग्नल बनून येतं. आधी सिग्नलबरोबरचा कोड बघा, कारण पूर्णांकाच्या शून्यानं भागाकारालाही हाच सिग्नल येतो आणि नावावरून लोक फ्लोट शोधत बसतात.

इथं ट्रॅप खरा असतो, पण मास्क, म्हणजे ट्रॅप अडवून ठेवणारा बिट, उघडला तरच. सिग्नल हँडलरमध्ये लोक मास्क परत झाकतात आणि बाहेर पडतात, की तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा सिग्नल, लूप. कारण वर सांगितलं तेच, हँडलरला कर्नल नवं कोरं एफपीयू देतं आणि परतताना थ्रेडचं जुनं भरतं. बदल करायचा तो हँडलरला मिळालेल्या कॉन्टेक्स्टमधल्या एमएक्ससीएसआरमध्ये (एसएसई या नव्या फ्लोट युनिटचं मास्क आणि फ्लॅगचं रजिस्टर), लायब्ररीचं फंक्शन बोलवून नाही.

जुन्या एक्स८७ युनिटचा स्वभाव अजून वाईट. १९८०च्या ८०८७ पासून ते वेगळं चालणारं युनिट, म्हणून चूक झाली त्या सूचनेवर ते बोंबलत नाही, पुढची फ्लोटिंग पॉइंटची सूचना येईपर्यंत थांबतं. मधल्या काळात फंक्शन बदललेलं असू शकतं. त्यात भर म्हणजे जुना फ्लॅग वर असताना तुम्ही मास्क उघडला तर पुढच्याच सूचनेवर ट्रॅप, कधीकाळी झालेल्या भागाकारासाठी. एसएसईमध्ये असं होत नाही, तिथं ट्रॅप नेमक्या सूचनेवर आणि जुना फ्लॅग नुसता बसून राहतो. ६४ बिटमध्ये फ्लोट आणि डबल एसएसईवर, पण लिनक्सवर लाँग डबल अजून एक्स८७वरच चालतो, म्हणून लाँग डबलवालं एकच फंक्शन विनाकारण मरतंय असं वाटलं की हेच. नेम असा ठेवा, मास्क उघडायच्या आधी फ्लॅग साफ, दर वेळी.

थ्रेडचं म्हणाल तर पॉसिक्समध्ये नवीन थ्रेड ज्यानं बनवला त्याचं फ्लोटिंग पॉइंटचं वातावरण घेऊन जन्मतो, आरटीओएसच्या अगदी उलट. पण थ्रेड पूल आधी उभा केला आणि मास्क नंतर उघडला, तर पूलमधल्या थ्रेडांना त्याचा पत्ता नाही. तेच गणित मुख्य थ्रेडवर सिग्नल देतं आणि पूलमध्ये गुपचूप नॅन. मास्क उघडणं प्रत्येक वर्करच्या सुरवातीला ठेवा. कोरूटीन किंवा युजर थ्रेडवाल्यांनी आपली लायब्ररी स्विच करताना एमएक्ससीएसआर आणि एक्स८७चा कंट्रोल वर्ड जपते का ते सोर्समध्ये बघून घ्यावं. जीलिबसीचं स्वॅपकॉन्टेक्स्ट जपतं, पण सेटजंप-लाँगजंप जपत नाही, त्यावर बांधलेल्या घरगुती थ्रेडमध्ये एकाचा मास्क दुसऱ्याला लागतो.

विंडोजवर जुनी डेल्फीची सॉफ्टवेअर अजून पुष्कळ काट्यांवर चालतात. डेल्फी १२च्या आधीचं डेल्फी इनव्हॅलिड, शून्यानं भागाकार आणि ओव्हरफ्लोचे मास्क मुळातच उघडे ठेवतं, मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर सगळे झाकून. म्हणून डेल्फीच्या प्रोग्रामनं सीमधली डीएलएल बोलवली की त्या डीएलएलमध्ये अचानक एक्सेप्शन, जी दुसरीकडं वर्षानुवर्षं नीट चालतेय. डीएलएलला बोलवायच्या आधी कंट्रोल वर्ड आणि एमएक्ससीएसआर दोन्ही जपून ठेवून मास्क झाका, परत आल्यावर आधी फ्लॅग साफ करा आणि मग जुनं लावा. आणि हे ज्या थ्रेडवरून बोलवताय त्याच थ्रेडवर करा, फॉर्म उघडताना मुख्य थ्रेडवर एकदा करून ठेवलं तर छपाईच्या थ्रेडला त्याचा काही उपयोग नाही.